चार वॅट सगळ्यांकडे सारखेच, फरक पडतो तो अँटेनाने

तुम्ही डेन्व्हरला जीपची जुनी चार दारांची रँग्लर (जेके मॉडेल) घेतलीत, हार्डटॉपवाली, म्हणजे कडक छताची. सप्टेंबरात ग्रुपबरोबर कोलोरॅडोतल्या यूरेहून इमोजीन पास ही डोंगरातली खिंड पार करायचा बेत आहे आणि पुढे असणाऱ्यांनी ‘सीबी (गाड्यांनी आपसात बोलायचा रेडिओ) लावून या’ असं सांगितलंय. रेडिओ कुठला, अँटेना एक की दोन, आणि दोनशे डॉलरमध्ये भागेल का, असं विचारलंत. भागेल. पण तुमच्या यादीत रेडिओलाच दीडशे धरलेत आणि अँटेना ‘उरलेल्या पैशात’ ठेवलीय, ते उलटं करा.

अमेरिकेत सीबीचे ४० चॅनेल आहेत, २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झ, आणि एएमवर, म्हणजे सीबीवर आवाज पाठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ताकद ४ वॅटच्या वर नेता येत नाही. म्हणजे यादीतला सगळ्यात स्वस्त रेडिओ आणि सगळ्यात महाग रेडिओ एएमवर तेवढ्याच जोराने बोलतात. एसएसबी या दुसऱ्या पद्धतीला १२ वॅट मिळतात आणि २०२१ पासून एफएमलाही परवानगी आहे, पण समोरच्या गाडीतही तेच असेल तरच त्याचा उपयोग. तुमच्या ग्रुपमध्ये सगळे एएमवरच असतील.

जेकेच्या डॅशमध्ये मोठा डबा बसत नाही. बसवलात तरी शेजारच्याच्या गुडघ्याला लागतो. म्हणून मी युनिडेनचा ५१० किंवा ५२० सारखा छोटा सेट घेईन, नाहीतर कोब्रा ७५ सारखा, ज्याची सगळी बटणं माइकवरच असतात आणि डबा सीटखाली लपतो. त्यात स्पीकरही माइकमध्येच असतो. खिडक्या उघड्या ठेवून चालवणार असाल तर वेगळा स्पीकर जोडा, नाहीतर काही ऐकू येणार नाही. रेडिओबद्दल एवढं पुरे.

आता अँटेना. २७ मेगाहर्ट्झची लहर साधारण ११ मीटरची, तिचा पाव भाग पावणेतीन मीटर, म्हणजे ९ फूट. एवढी काठी मागे लावून जंगलात फिरणं अवघड, म्हणून फायबरग्लासच्या काठीवर तार गुंडाळून ती चार फुटांत बसवतात. फायरस्टिकसारख्या अँटेनांत टोकाकडे तार दाट गुंडाळलेली असते, म्हणून निदान तो वरचा भाग छताच्या वर यायला हवा. चार फुटी घ्या. तीन फुटी तेव्हाच, जेव्हा पार्किंगचं छत अगदी खाली असेल. दोन अँटेना नकोत. त्यांच्यात खरं तर नऊ फूट अंतर लागतं आणि रँग्लर सहा फूटच रुंद आहे, पैसे आणि केबल वाया जाईल.

आणि अँटेनाला खाली धातू लागतो. तुमचं हार्डटॉप धातूचं नाही, त्यामुळे छतावर लोहचुंबकी अँटेना ठेवायचा विचार सोडा. जेकेची बॉडी पोलादी आहे. मागच्या दाराला स्टेपनीजवळ ब्रॅकेट लावून तिथे अँटेना उभी करणं सगळ्यात सोयीचं. (नवी रँग्लर, म्हणजे जेएल मॉडेल, घेणारे हे वाचत असाल तर: तिचं बॉनेट आणि दारं ॲल्युमिनियमची आहेत, चुंबक चिकटणारच नाही.)

इथे माझी पहिली जीप सांगतो. सगळं एका दुकानातून बसवून घेतलं होतं, नवा कोरा सेट. पहिल्याच ट्रेलवर पुढची गाडी जेमतेम दोनशे फुटांवर होती आणि माझं बोलणं त्यांना नुसती खरखर म्हणून पोचत होतं. एका शेल्फ रोडवर (डोंगराच्या कडेला कोरलेला अरुंद रस्ता), डावीकडे कडा आणि उजवीकडे दरी, मी ‘थांबा’ म्हणत होतो आणि ते पुढे जात होते. तेव्हा पोटात गोळा आला होता. घरी येऊन एसडब्ल्यूआर मीटर लावला (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते तो दाखवतो, आकडा १ च्या जितका जवळ तितकं चांगलं) तर काटा ३ च्याही पुढे. ब्रॅकेट थेट रंगावर कसलं होतं, धातूला धातू लागतच नव्हता. चारही बोल्ट काढले, सँडपेपरने बोल्टभोवतीचा रंग घासून चकचकीत पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातले, आणि दाराच्या बिजागरांवर विसंबून न राहता ब्रॅकेटपासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी ओढली. मीटर पुन्हा लावला, काटा १.४ वर. रेडिओ तोच, काठी तीच. उघड्या पत्र्याला नंतर ग्रीसचा हात दिला, गंज धरू नये म्हणून.

अजून एक चूक हमखास होते. अँटेनाच्या स्टडखाली (ज्या बोल्टवर ती बसते) नायलॉनचा एक वॉशर येतो, तो ब्रॅकेटच्या भोकात नीट बसला नाही तर सगळं शॉर्ट होतं. मल्टीमीटर घ्या: केबलची मधली पिन आणि अँटेनाचा स्टड, बीप यायला हवा. बाहेरची जाळी आणि बॉडी, तिथेही बीप हवा. मधली पिन आणि बॉडी, तिथे आवाज येता कामा नये. हे बघितल्याशिवाय माइकचं बटण दाबू नका. अँटेना न जोडता तर कधीच नाही, आतला ट्रान्झिस्टर जळू शकतो.

केबल ५० ओहमची, १८ फुटी घ्या. जास्तीची केबल घट्ट गुंडाळू नका, फूटभर रुंदीची सैल वळणं करून सीटखाली ठेवा, आणि दारात चिमटणार नाही याची खात्री करा.

मग ट्यूनिंग. गाडी मोकळ्या जागी लावा, दारं बंद, अँटेनाजवळ कुणी उभं नको. अँटेनाच्या बुडाशी स्प्रिंग लावणार असाल तर ती लावूनच मोजा, तिने लांबी बदलते. चॅनेल १, १९ आणि ४० वर एसडब्ल्यूआर बघा. ४० वर जास्त आला तर अँटेना लांब आहे, टोकाचा स्क्रू आत घ्या. १ वर जास्त आला तर आखूड आहे, बाहेर काढा. १.५ च्या आत आला तर उत्तम, २ पर्यंत चालेल. तिन्हीकडे ३ च्या वर असेल तर स्क्रू फिरवत बसू नका, अर्थिंग किंवा शॉर्ट शोधा.

वीज थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीच्या जवळ. सिगारेट लायटरमधून घेतलीत तर बऱ्याचदा अल्टरनेटरची शिट्टी आवाजात मिसळते.

हे सगळं विकत घेण्याआधी ग्रुपला एक फोन करा आणि नक्की सीबीच ना, हे विचारा. बरेच क्लब आता जीएमआरएस या दुसऱ्या प्रकारच्या रेडिओवर गेलेत: ३५ डॉलरचं लायसन्स, परीक्षा नाही, दहा वर्षं चालतं, घरातल्यांनाही तेच चालतं आणि आवाजही स्वच्छ. पण जीएमआरएस आणि सीबी एकमेकांशी बोलत नाहीत. ग्रुप सीबीवर असेल तर तुम्हीही सीबीच.

इमोजीन १३,११४ फुटांवर आहे, रस्ता बऱ्याच ठिकाणी एका गाडीचा. तिथे रेडिओचं खरं काम असतं ते आंधळ्या वळणांवर. पुढची गाडी सांगते, ‘तीन उतरतायत, पांढऱ्या टोयोटानंतर मोकळं’, आणि मागचे आधीच रुंद जागा बघून थांबतात. चढणाऱ्या गाडीला आधी जायचा हक्क असला तरी दरीच्या काठावर मागे घेण्यापेक्षा हे बरं. ९ नंबर आणीबाणीसाठी मोकळा ठेवा, १९ वर हायवेचे ट्रकवाले असतात, ग्रुपचा चॅनेल निघायच्या आधी ठरवून घ्या.

बसवून झालं की ब्रॅकेटचा फोटो आणि तिन्ही चॅनेलचे आकडे टाका. काही चुकलं असेल तर सप्टेंबरच्या आत दुरुस्त करता येईल.