भाड्याच्या फ्लॅटआधी बाबांची पॉलिसी परत करा

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"वय ३९. पुण्यात नोकरी, हातात १ लाख १५ हजार येतात. धायरीत स्वतःचा वन बीएचके आहे, त्याचं २१ लाख कर्ज बाकी, हप्ता १९ हजार. पत्नी घरी असते, मुलगी सात वर्षांची. माझ्या तीन पॉलिसी आहेत, मिळून १२ लाखांचं विमाकवच, वर्षाला १ लाख ३० हजार प्रीमियम. उंड्रीत ७० लाखांचा टू बीएचके बघितलाय, ताबा दीड वर्षाने. तो भाड्याने द्यायचा आहे. एजंट म्हणतो २५ हजार भाडं सहज येईल, टॅक्सही वाचेल, दहा वर्षांत किंमत दुप्पट. ५६ लाखांचं कर्ज मंजूर होतंय. बाबा गावी असतात, वय ६२, साखर कारखान्यातून निवृत्त झाले, पेन्शन २,९०० रुपये. पीएफ-ग्रॅच्युइटीचे २३ लाख आले. त्यातले ५ लाख बँकेतल्या मॅडमनी गेल्या महिन्यात एका पॉलिसीत टाकून दिले, एफडीसारखीच आहे म्हणाल्या. उरलेले १८ लाख नुसतेच पडून आहेत, ते फ्लॅटसाठी घेतोय. बदल्यात भाडं दरमहा बाबांना देईन. उंड्री बरी की वाघोली? पत्नीच्या नावावर घेऊ का? भाडेकरू फॅमिली ठेवावी की बॅचलर?"

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं शेवटी देतो, ती चार ओळींची आहेत. तुमच्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट तुम्ही एका वाक्यात उरकलीत: "एफडीसारखीच आहे". हे उत्तर छापून यायला वेळ लागतो, म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला आणि पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो मागवला. त्या पानावर काय आहे ते इतर वाचकांसाठी इथे सांगतो, कारण असं पान अनेक घरांत कपाटात न वाचता पडलेलं असतं.

वार्षिक प्रीमियम ५,००,०००. त्याच्या खालच्या ओळीत, प्रीमियम भरण्याची मुदत १० वर्षे. पॉलिसीची मुदत १५ वर्षे. अख्खं पान इंग्रजीत आणि तळाशी बाबांची मराठीत सही.

म्हणजे ज्या माणसाला महिन्याला २,९०० रुपये पेन्शन आहे, त्याने दर वर्षी ५ लाख भरायचे, वयाच्या ७१ व्या वर्षापर्यंत. एकूण ५० लाख. त्यांच्या आयुष्याची सगळी कमाई २३ लाख! पुढचा हप्ता चुकला की पॉलिसी बंद पडणार, आणि पहिल्याच वर्षी बंद पडलेल्या पॉलिसीतून हाती जे येतं ते भरलेल्या रकमेपेक्षा बरंच कमी असतं. बाबांना हे कोणी सांगितलेलं नाही. पॉलिसीची खात्री करायला कंपनीचा फोन आला तेव्हा "फक्त हो म्हणा" असं त्यांना सांगितलं होतं, हे तुम्हीच मला बोलता बोलता सांगितलंत. कारखान्यात वर्षानुवर्षं काढलेला कामगार बँकेच्या टेबलापलीकडच्या माणसावर विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासाचा असा वापर होतो. वीस वर्षं हे काम करतोय, तरी अशी पॉलिसी समोर आली की माझा संताप होतो.

पण वेळ गेलेली नाही. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री लूक मुदत म्हणतात. तेवढ्या दिवसांच्या विम्याचा खर्च, स्टँप ड्युटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. तुमच्या बाबांना कागद मिळून १९ दिवस झाले होते. अर्ज विमा कंपनीच्या कार्यालयात द्या, बँकेच्या शाखेत नको. शाखेत "मॅडम रजेवर आहेत, सोमवारी या" असं करत ३० दिवस निघून जातात. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या आणि तोच अर्ज कंपनीला ईमेलनेही पाठवा. कागद ज्या पाकिटातून आले ते पाकीट जपून ठेवा, तारखेचा तोच पुरावा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करा. त्यानंतरही काम झालं नाही, तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातच आहे.

आता उरलेल्या १८ लाखांबद्दल. तुम्ही लिहिलंय, "नुसतेच पडून आहेत". ते पडून नाहीत, ती तुमच्या आईवडिलांची पुढची पंचवीस वर्षं आहेत. ५ लाख परत आले की पुन्हा २३ लाख होतील. त्यातले ३ लाख दवाखान्यासाठी एफडीत राहू द्या. २० लाख पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. तिथे सध्या ८.२ टक्के व्याज आहे, मर्यादा ३० लाख, आणि एकदा पैसे ठेवले की पाच वर्षं तोच दर राहतो. दर तिमाहीला ४१ हजार त्यांच्या खात्यात येतील, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजारांच्या वर. त्यात पेन्शन मिळवली की गावी राहणाऱ्या दोघांचं घर चालतं, कोणापुढे हात न पसरता. खातं जोडीने काढा, आईचं नाव त्यात असू द्या. हे मी मुद्दाम सांगतोय. तुम्ही फ्लॅट घेतला असता तर तुमच्या आईचं नाव कुठल्याच कागदावर आलं नसतं.

"बदल्यात भाडं बाबांना देईन" असं तुम्ही म्हणता. तुमचा हिशोब मी पुन्हा मांडला. त्यात हप्त्याला हातभार म्हणून २५ हजार भाडं धरलंय आणि खाली बाबांना द्यायचे म्हणून तेच २५ हजार पुन्हा धरलेत. एकच भाडं दोन खिशांत जाणार नाही. शिवाय ताबा दीड वर्षाने आहे, तोवर भाडं शून्य. त्या दीड वर्षात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर पैसे कुठून आणणार? फ्लॅटची एक खोली विकता येत नाही.

फ्लॅटचा हिशोब भराभर करू. किंमत ७० लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, म्हणजे ४ लाख ९० हजार. नोंदणी ३० हजार. काम चालू असलेल्या इमारतीवर जीएसटी ५ टक्के, साडेतीन लाख. सोसायटीचे आगाऊ पैसे आणि किरकोळ मिळून दीड लाख. पंखे, गीझर, किचनच्या ट्रॉल्या, पडदे यांचे दोन लाख. ७० लाखांचा फ्लॅट ८२ लाखांना पडतो. कर्ज ५६ लाख, म्हणजे तुमच्याकडून २६ लाख, आणि बाबांचे १८ टाकूनही ८ लाख कमीच पडतात. हे ८ लाख कुठून येणार, यावर पत्रात एक अक्षर नाही. एजंट बहुधा पर्सनल लोन काढून देईल.

हप्ता ८ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी, ४६ हजार ८००. भाडं २५ नाही, २१ हजार धरतो. एजंटने सांगितलेला आकडा विसरा आणि एका शनिवारी भाडेकरू म्हणून त्याच रस्त्यावर फिरा. शेजारच्या तयार इमारतीच्या वॉचमनला विचारा किती फ्लॅट रिकामे आहेत, टँकर दिवसाला किती येतात. तासाभरात खरं भाडं कळतं. वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा जाणार, म्हणून ११ महिन्यांचे २ लाख ३१ हजार. त्यातून मेंटेनन्स ४२ हजार, मिळकत कर अंदाजे १८ हजार (स्वतः राहणाऱ्याला महापालिका जी ४० टक्के सवलत देते ती भाड्याच्या घराला नाही), रंग-प्लंबिंग-दलाली १५ हजार, शिवाय सोसायटीचं ना-भोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी लावते ते). हातात दीड लाख उरतात. ८२ लाखांवर दीड लाख, म्हणजे दोन टक्केही नाहीत. आणि हप्त्यांचे वर्षाला ५ लाख ६२ हजार जातात. महिन्याला ३४ हजार तुमच्या पगारातून घालायचे. फ्लॅट रिकामा असेल त्या महिन्यात दोन हप्ते ६५ हजार ८००, पॉलिसींचे ११ हजार, घरखर्च ४० हजार, बेरीज १ लाख १६ हजार ८००. पगार १ लाख १५ हजार. मुलीच्या शाळेची फी यात धरलेलीच नाही.

टॅक्स वाचेल हेही अर्धवट सांगितलंय. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराचा तोटा पगारातून वजा होत नाही. जुन्यात होतो, पण वर्षाला २ लाखांपर्यंतच, आणि त्या २ लाखांत तुमच्या धायरीच्या घराचं व्याजही आलं.

किंमत दुप्पट होईल, हे मान्य करून बघू. दहा वर्षांनी १ कोटी ४० लाख, त्यातून तेव्हाही शिल्लक असलेलं कर्ज ३८ लाखांवर. ते फेडून १ कोटी १ लाख हातात. त्यासाठी सुरुवातीला २६ लाख आणि मग दर वर्षी साधारण ४ लाख तुम्ही घातलेले. भाडं वाढत जाईल असं धरलं तरी परतावा सहा-सात टक्के, आणि विकताना नफ्यावर १२.५ टक्के कर वेगळा. एजंटचं स्वप्न पूर्ण खरं झालं तरचा हा हिशोब आहे. बाबांना पोस्टात एकही रात्र न जागता ८.२ मिळतात.

म्हणून फ्लॅट आत्ता नको. भाड्याचं घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. धायरीचं कर्ज १० लाखांच्या खाली येऊ द्या, किमतीच्या चाळीस टक्के तुमचे स्वतःचे साठू द्या, मग भोगवटा पत्र (राहायला जाण्याची अधिकृत परवानगी) मिळालेली तयार इमारत बघा. जीएसटी वाचेल, भाडं पहिल्या महिन्यापासून येईल आणि नळाला पाणी येतं का ते नळ उघडून कळेल.

तोवर एक काम मात्र या महिन्यातच करा. आज तुम्हाला काही झालं तर १२ लाख येतील आणि २१ लाखांचं कर्ज उभं राहील. दीड कोटींचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, तुमच्या वयाला वर्षाला साधारण पंचवीस हजार. तो हातात आल्यावरच त्या तीन पॉलिसींचं काय करायचं ते बघू, आधी बंद करू नका.

आता तुमचे प्रश्न. उंड्री की वाघोली: आज दोन्ही नको. पत्नीच्या एकटीच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो, ७० हजार, पण पैसे तुमचे असल्याने भाड्यावरचा कर तुम्हालाच लागेल. फॅमिली की बॅचलर: बॅचलर तीन-चार हजार जास्त देतात, सोसायटीच्या कमिटीची कटकटही जास्त. भाडेकरू कोणीही असो, लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं.

शनिवारी गावी जाताय ना? बाबांची सही घ्या, सोमवारी अर्ज विमा कंपनीत द्या आणि शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो मला पाठवा.