काळी तबकडी आणि खालची कळ

प्रश्न : माझा भाचा म्युनिकला नोकरीला आहे. माझ्या साठीनिमित्त तो ‘ट्युटिमा’ कंपनीचे, महायुद्धातील जर्मन वैमानिकांच्या घड्याळावरून बेतलेले क्रोनोग्राफ, म्हणजे हवा तेवढा वेळ मोजणाऱ्या वेगळ्या काट्याचे घड्याळ, आणू म्हणतो. किंमत ऐकून मला धडकीच भरली. वडिलांचे काळ्या तबकडीचे एचएमटी पायलट मी अजून रोज चावी देऊन वापरतो, आणि तेही वैमानिकांचेच म्हणवले जाते. मग या जर्मन घड्याळात असे काय आहे? ते ग्वाल्हेरात सांभाळले जाईल का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आपल्या वडिलांच्या घड्याळात वैमानिकाचे म्हणावे असे जे आहे ते तबकडीवर आहे, म्हणजे काळी पार्श्वभूमी आणि अंधारात चमकणारे ठळक आकडे. आतले यंत्र इतर एचएमटीसारखेच, साधे आणि भरवशाचे. ज्या जर्मन घड्याळाचे नाव आपला भाचा घेतो आहे, त्याचे वैमानिकपण मात्र उजव्या बाजूच्या खालच्या कळीत होते.

ड्रेस्डेनजवळच्या ग्लासह्युटे या गावात डॉ. एर्न्स्ट कुर्त्स यांच्या नेतृत्वाखाली 1927 मध्ये घड्याळांचे दोन जोडकारखाने उभे राहिले. त्यांच्या उत्तम घड्याळांवर ‘ट्युटिमा’ हे नाव असे. लॅटिनमधील ‘सुरक्षित’ या अर्थाच्या शब्दावरून ते घेतलेले आहे. त्या दोहोंपैकी उरोफा या कारखान्यात 1941 मध्ये ‘उरोफा 59’ हे यंत्र तयार झाले आणि सुमारे तीस हजार क्रोनोग्राफ जर्मन हवाई दलाकडे गेले.

साध्या क्रोनोग्राफमध्ये नवी मोजणी सुरू करायची तर काटा थांबवावा लागतो, मग शून्यावर आणावा लागतो आणि मग पुन्हा सोडावा लागतो. त्याकाळचा वैमानिक ठरलेल्या दिशेने, ठरलेल्या वेगाने अमुक मिनिटे उडालो म्हणजे अमुक ठिकाणी पोहोचलो, अशा हिशेबाने मार्ग काढत असे आणि प्रत्येक वळणावर त्याला मोजणी नव्याने धरावी लागे. ताशी 300 किलोमीटर वेगाने जाणारे विमान तीन सेकंदांत अडीचशे मीटर पुढे जाते, तेव्हा हातमोजा घातलेल्या बोटाने तीनदा कळ दाबण्यात गेलेला वेळ फुकट जाण्यासारखा नव्हता. उरोफाच्या यंत्रात धावत्या काट्यावरच खालची कळ दाबली, की क्रोनोग्राफचे चाक क्षणभर सुटे होते, एक छोटी हातोडी बदामाच्या आकाराच्या चकतीवर आपटते, काटा झटक्यात शून्यावर येतो आणि बोट उचलताच पुन्हा धावू लागतो. यालाच ‘फ्लायबॅक’ म्हणतात.

8 मे 1945 रोजी, युद्ध संपतासंपता, ग्लासह्युटेवर सोव्हिएत बॉम्ब पडले. पुढे उरलेली यंत्रसामग्री रशियात गेली आणि याच यंत्राची नक्कल केलेली घड्याळे मॉस्कोत निघाली. कुर्त्स त्याआधीच पश्चिमेकडे निघून गेले होते. ट्युटिमा ग्लासह्युटेला परतली ती जर्मनी एक झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी.

आता खरेदीचे पाहू. ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द या व्यापारात फार सैलपणे वापरला जातो, असे माझे मत आहे. ट्युटिमाच्याच ‘ग्रँड फ्लीगर’ मालिकेतल्या क्रोनोग्राफला जुना चेहरा आहे, पण आत स्विस व्हाल्जू 7750 वर आधारलेले स्वयंचलित यंत्र चालते. ते उत्तम असले तरी फ्लायबॅक नाही. जुन्या यंत्राची खरी पुनर्रचना कंपनीने 2017 मध्ये ‘टेम्पोस्टॉप’ या सोन्याच्या घड्याळात केली, आणि ती नव्वदच नगांपुरती होती. त्यामुळे भाच्याला प्रथम यंत्राचा क्रमांक विचारायला सांगावे. उत्तर तबकडीच्या वर्णनाने सुरू झाले, तर आपण चेहऱ्याचे पैसे देत आहोत असे समजावे. आवडत असेल तर त्यातही गैर काही नाही. मात्र फ्लायबॅक आहे की नाही हे धावत्या काट्यावर कळ दाबून तपासू नये. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी साध्या क्रोनोग्राफवर हा प्रयोग चार पाहुण्यांसमोर केला. काटा जो तिरका बसला तो दुरुस्त होऊन यायला पाच महिने लागले.

सांभाळण्याविषयी सांगायचे तर ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यापेक्षा धूळ अधिक त्रास देते, म्हणून मागचे झाकण हौसेने उघडू देऊ नये. महाराज बाड्याच्या परिसरातले जुने घड्याळजी आपली एचएमटी डोळे मिटून उघडतील, परंतु दोनशेहून अधिक भागांचा क्रोनोग्राफ साफ करून तेल देणे हे त्याच यंत्रावर हात बसलेल्या माणसाचे काम आहे. पाच-सहा वर्षांनी एकदा तो खर्च येणार, आणि घड्याळ बहुधा जर्मनीला पाठवावे लागणार, हे धरूनच होकार द्यावा. भाच्याने विमानतळावर सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेतून येऊन घड्याळ जाहीर करावे आणि मूळ बिल आपल्याजवळ ठेवावे. दुरुस्तीसाठी ते पुन्हा परदेशी पाठवताना हाच कागद प्रथम मागितला जातो. कातडी पट्टा मे-जूनच्या घामात कुजतो, तेवढे दोन महिने कापडी पट्टा चढवावा.