आई-बाबांना योसेमिटीत तंबूत न्यावं की लॉजमध्ये ठेवावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, दोघं पासष्टीच्या पुढचे, मित्रांची दोन कुटुंबं आणि मुलंबाळं मिळून कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात तंबू टाकायचं घाटतंय, पण नवरा म्हणतो त्यांना झेपणार नाही, त्यांच्यापुरती लॉजची खोली घेऊ. काय करावं आणि तयारी काय लागते?

तंबूत न्या.

तयारीच्या याद्या नेटवर पैशाला पासरी आहेत, त्या मी पुन्हा लिहीत नाही. पण ‘त्यांना झेपणार नाही’ हे वाचून राहवलं नाही. हेच वाक्य माझे धाकटे दीर न्यू जर्सीहून फोनवर रोज ऐकवत होते. ‘वहिनी, आईला जमिनीवर झोपवणार तुम्ही? या वयात? उद्या काही झालं तर?’ ज्या आईबद्दल हे चाललं होतं ती शेजारच्या खोलीत ताक घुसळत बसलेली. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

माझ्या सासूबाई आळंदी ते पंढरपूर पायी वारी केलेल्या आहेत, एकदा नव्हे. दिवे घाट चालत चढायचा, टँकरच्या पाण्याने आंघोळ उरकायची, रात्री राहुटीत दाटीवाटीने आडवं व्हायचं, वर धो धो पाऊस. त्या बाईला कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्यात तंबू झेपणार नाही म्हणे! दीर स्वतः दहावीनंतर शहरात राहिले, तंबू त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो दुकानात.

तरी हट्टाने त्यांनी आईसाठी खोली बुक केली. आईंनी एवढंच विचारलं, ‘तिथं माझ्यासोबत कोण?’
‘कुणी नाही आई, पण छान खोली आहे, एसी आहे.’
‘मग मी एसी बघायला आले होय रे एवढ्या लांब?’
खोली रद्द झाली.

दीरही आले. योसेमिटी व्हॅलीत, म्हणजे उद्यानातल्या मुख्य दरीत, अप्पर पाइन्स या तंबूतळावर आम्ही शेजारशेजारच्या दोन साइट, म्हणजे तंबूच्या जागा, घेतल्या होत्या. एका साइटवर सहाच माणसं चालतात आणि त्यात तान्हं मूलही मोजतात, म्हणजे तुम्हाला दोन, कदाचित तीन लागतील. बुकिंग पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी ७ वाजता उघडतं आणि उन्हाळ्याच्या तारखा चहा गाळेपर्यंत संपतात. तिन्ही घरांतून एकेकाने लॉगिन करून बसायचं. ‘आपण नंतर बघू’ म्हणणाऱ्या मित्राला यातून वगळा.

तर पहिली संध्याकाळ. प्रत्येक साइटवर तपकिरी लोखंडी पेटी असते, अस्वलापासून अन्न वाचवायला. तिची कडी पत्र्याच्या आड असते, हात आत घालून चाचपून उघडावी लागते, पंजाला ते जमत नाही. दीर तिच्याशी झटापट करत होते. आईंनी त्यांना बाजूला केलं, दोन बोटं आत सरकवली आणि झाकण उघडलं. आत वाकून बघत म्हणाल्या, ‘शिंकाळंच की हे, खाली ठेवलेलं.’ मग तांदूळ, डाळ, मिसळणाचा डबा, चटणीची बरणी असं सगळं स्वतः लावलं. मी सांगितलं की वास येणारी प्रत्येक वस्तू यात जाते, अगदी टूथपेस्टसुद्धा. त्यावर त्यांनी न सांगता पिशवीतून खोबरेल तेल, बाम, कापूर आणि उदबत्तीचा पुडा काढून दिला. देवाचं सामानही आत! यापेक्षा नियम पाळायचा तो काय.

दिरांचा कूलर मात्र गाडीच्या मागच्या सीटवर. ‘काचा बंद आहेत वहिनी, अस्वलाला काय किल्ली सापडणारे?’ योसेमिटीतली काळी अस्वलं गाडीची काच फोडतात, दार वाकवून उघडतात. म्हणूनच अंधार पडल्यावर गाडीत खाण्याचं काही ठेवायचं नाही असा तिथे नियम आहे आणि दंड ५००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. हे मी घरी सांगितलं होतं, गाडीत सांगितलं होतं, पुन्हा तिथे सांगितलं.

जेवणं झाली. कुकरमध्ये खिचडी लावली होती. (कुकर नेण्यावरूनही मला टोमणे बसले होते. पहिल्या शिट्टीला शेजारच्या साइटवरची दोन गोरी पोरं धावत बघायला आली आणि तूप घालून वाटीभर खिचडी खाऊन गेली. ‘कॅम्पिंगला मॅगी पुरते’ म्हणणाऱ्यांनी रात्री त्या उरलेल्या खिचडीचा तळ खरवडला.) मुलं तंबूत गेली, आई माकडटोपी घालून शेकोटीपाशी आणि तेवढ्यात टॉर्च घेऊन रेंजरबाई, म्हणजे उद्यानाची रखवालदार, फिरत आली. प्रत्येक गाडीत झोत टाकत होती. आमच्या दुसऱ्या गाडीपाशी थांबली. कूलर, शेजारी श्रीखंडाचा डबा, बेबी सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा. दीर इंजिनिअर माणूस, समजावायला निघाले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की आत्ता माझ्यासमोर हलवा. ताकीद देऊन सोडलं, दंड नाही लावला. पेटी तोवर शिगोशीग भरलेली. आई उठल्या, डबे एकावर एक चढवले, जागा केली आणि म्हणाल्या, ‘दे तुझं ते खोकं इकडं.’

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. दीर अजून नातेवाइकांत सांगतात की तिथं आईची पाठ धरली होती. पाठ धरली ती गाडीत, चार तास आखडून बसल्याने. तंबूत त्या घोरत होत्या, मी साक्षीदार आहे. म्हातारी माणसं आणि लहान मुलं कॅम्पिंगला कधीच अडचण करत नाहीत. अडचण होते ती चाळिशीतल्या, सगळं येत असलेल्या पुरुषांची. तुमच्या मिस्टरांना मी ओळखत नाही, तेव्हा राग मानू नका. पण आईला त्यांनी स्वतः विचारलंय का, एवढं बघा.

बाकी कामाचं. खरा प्रश्न गुडघ्यांचा. झोपणं जमतं, जमिनीवरून उठणं जमत नाही, म्हणून घडीची खाट घ्या आणि ती उभी राहील एवढा उंच तंबू. रात्री दोनदा उठावं लागतंच, तेव्हा स्वच्छतागृहाच्या जवळची, पण अगदी दारातली नव्हे अशी साइट बघा. फ्लश आहे, शॉवर नाही. आंघोळीला व्हॅलीतल्याच करी व्हिलेज या मुक्कामाच्या वस्तीत जावं लागतं. शेकोटी उन्हाळ्यात संध्याकाळी ५ ते रात्री १० एवढीच, आणि खाली पडलेली लाकडं व्हॅलीत गोळा करायची नाहीत.

जायचं तर मे-जूनला. ऑगस्टपर्यंत योसेमिटी फॉल हा धबधबा पुष्कळदा सुकून जातो आणि २४२५ फुटांचा कोरडा कडा दाखवायला आई-बाबांना कशाला न्यायचं? लोअर फॉलची, म्हणजे धबधब्याच्या खालच्या टप्प्याची, वाट सपाट आहे, मोफत शटल जवळ सोडते. ग्लेशियर पॉइंटला, जिथून वरून दरी दिसते, उन्हाळ्यात गाडी वरपर्यंत जाते. मिस्ट ट्रेल या धबधब्याकडे चढणाऱ्या वाटेच्या ओल्या दगडी पायऱ्यांवर त्यांना नेऊ नका, तिथे मीही दिरांच्याच बाजूने. उद्यानात शिरायचा ज्येष्ठांचा स्वस्त पास अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतो, तो आई-बाबांसाठी धरू नका.

आणि हे आधी लिहायला हवं होतं : वर लिहिलं ते व्हॅलीबद्दल, ती साधारण ४००० फुटांवर आहे. त्याच उद्यानातलं ट्युओलमी मेडोज ८६०० फुटांवर. तिथली हवा विरळ आणि रात्री उन्हाळ्यातही कडक थंड. बीपी, हृदय, दमा यातलं काही असेल तर पहिलाच मुक्काम तिथे टाकू नका, डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन लागत असेल तर ते बर्फाला चिकटू न देता कूलरमध्ये, आणि कूलर पेटीत. फोनला रेंज भरवशाची नसते. बाबा रात्री झोपेत श्वासाचं मशीन लावत असतील तर साइटवर वीज नाही. चांगली बॅटरी नसेल तर मग मिस्टरांचं ऐका, लॉज घ्या, आणि रात्रीचं जेवण मात्र सगळ्यांनी साइटवर एकत्रच करा.