अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये संशोधन करायचे तर आधी खगोलशास्त्रच शिकावे लागते का?

आपण भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत आहात आणि दुर्बिणींसाठीच्या अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्समध्ये, म्हणजे हवेमुळे बिघडणारी प्रतिमा तत्क्षणी सुधारण्याच्या तंत्रात, संशोधन करू इच्छिता. त्यासाठी आधी खगोलशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आवश्यक आहे का आणि या क्षेत्रातील शास्त्रज्ञाची कारकीर्द कशी घडते, असे आपण विचारले आहे. मी दुर्बिणींच्या उपकरणांवर काम करते. माझ्या मते तशी पूर्वअट नाही, मात्र एकाच प्रश्नामागे वीस-वीस वर्षे राहण्याची तयारी हवी. मला यासाठी सर्वांत पटणारे उदाहरण अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेअर मॅक्स यांचे वाटते, म्हणून त्यांच्याबद्दल जरा विस्ताराने लिहिते.

आधी मूळ अडचण सांगते. ताऱ्याच्या प्रकाशाचे तरंगाग्र, म्हणजे पुढे सरकणाऱ्या लहरीचा पृष्ठभाग, वातावरणात शिरेपर्यंत जवळजवळ सपाट असते, पण वेगवेगळ्या तापमानाची हवा सतत मिसळत असल्याने अपवर्तनांक (हवा प्रकाशाला किती वळवते ते सांगणारा आकडा) जागोजागी बदलतो, तरंगाग्र वेडेवाकडे होते, आणि दहा मीटर व्यासाच्या दुर्बिणीलाही दृश्य प्रकाशात वीतभर व्यासाच्या दुर्बिणीपेक्षा फारसा अधिक बारकावा दिसत नाही. ही विकृती मोजून तिची प्रकाशीय घटकाने तत्क्षणी भरपाई करावी, ही कल्पना होरेस बॅबकॉक यांनी १९५३ मध्ये मांडली. सेकंदाला शेकडो वेळा मोजणारे संवेदक, तितक्याच वेगाने आकार बदलणारे आरसे आणि हे सारे चालवणारे संगणक यायला मात्र आणखी काही दशके गेली. तरीही एक अडचण उरली: मोजमापासाठी, ज्याचे निरीक्षण करायचे त्याच्या अगदी जवळ एक पुरेसा तेजस्वी तारा लागतो, आणि आकाशाच्या फार थोड्या भागात तो मिळतो.

मॅक्स या क्षेत्रात आल्या त्या प्लाझ्मा (विद्युतभारित कणांचा वायू) भौतिकीतून. प्रिन्स्टनहून १९७२ मध्ये पीएच.डी. घेतल्यावर १९७४ पासून त्या अमेरिकेतील लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत लेसर आणि प्लाझ्मा यांच्या आंतरक्रियेवर संशोधन करत होत्या. १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी सरकारला सल्ला देणाऱ्या ‘जेसन’ या शास्त्रज्ञगटात विल्यम हॅपर यांनी सुचवले की, सुमारे ९० किलोमीटर उंचीवर सोडियमच्या अणूंचा जो विरळ थर आहे त्यावर ५८९ नॅनोमीटरचा लेसर रोखला तर ते अणू उजळतील, आणि आकाशात पाहिजे त्या जागी कृत्रिम तारा मिळेल. हॅपर, मॅकडोनाल्ड, मॅक्स आणि फ्रीमन डायसन यांनी या कल्पनेचे सविस्तर विश्लेषण केले, परंतु विषय लष्करी महत्त्वाचा असल्याने ते गोपनीय राहिले. मधल्या काळात, १९८५ मध्ये, फ्रान्सच्या फॉय आणि लाबेरी यांनी लेसर-ताऱ्याची कल्पना स्वतंत्रपणे प्रसिद्धही केली. अमेरिकेतील गोपनीयता १९९१ मध्ये उठली आणि चौघांचा शोधनिबंध छापला गेला तो १९९४ मध्ये. ज्या कामाबद्दल सहकाऱ्यांशीही उघडपणे बोलता येत नाही, त्यातील रस दहा वर्षे टिकवून ठेवणे किती अवघड असेल, याचा विचार आपणही जरूर करावा.

त्यानंतरचा टप्पा मला विशेष मोलाचा वाटतो. लिव्हरमोरमध्ये युरेनियमची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) वेगळी करण्यासाठी विकसित झालेले लेसर-तंत्र मॅक्स यांच्या गटाने खगोलशास्त्राकडे वळवले. लिक वेधशाळेच्या तीन मीटर दुर्बिणीवर सोडियम लेसर बसवून प्रतिमा खरोखर सुधारते, हे त्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. हवाईतील केक दुर्बिणीवर अशीच यंत्रणा आल्यावर मॅक्स स्वतः निरीक्षक झाल्या, आणि एनजीसी ६२४० या एकमेकींत मिसळणाऱ्या दीर्घिकांमधील दोन कृष्णविवरांची नेमकी स्थाने त्यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये निश्चित केली.

सगळ्यांना हा शेवटचा टप्पा लाभत नाही. आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराबद्दल आंद्रेआ गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल यांना २०२० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निरीक्षणांची अचूकता मोठ्या प्रमाणात अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्सने आली, पण ती यंत्रणा उभारणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे वाचकाला ठाऊकही नसतात. हे आपल्याला मनापासून मान्य असेल तरच उपकरणांकडे वळावे. मला ते मान्य आहे, कारण यंत्रणा चालू होताच धूसर ठिपका आकसून टोकदार होतो, तो क्षण मला पुरेसा वाटतो.

परदेशीच जावे लागेल असेही नाही. पुण्यातील आयुका ही खगोलशास्त्र संशोधन संस्था आणि अमेरिकेतील कॅलटेक यांनी मिळून ‘रोबो-एओ’ ही स्वयंचलित यंत्रणा बांधली. कॅलिफोर्नियातील पालोमार वेधशाळेच्या दीड मीटर दुर्बिणीवर अतिनील लेसर वापरून तिने एका रात्रीत दोनशेहून अधिक ताऱ्यांची निरीक्षणे करणे शक्य केले आणि केपलर या ग्रहशोधक अवकाश दुर्बिणीच्या मोहिमेतील शेकडो संभाव्य ग्रहांच्या यजमान ताऱ्यांजवळ दुसरा तारा दडला आहे का, हे तपासले.

एम.एस्सी.च्या उरलेल्या काळात फूरिए प्रकाशिकी (प्रकाशलहरींच्या विश्लेषणाचे गणित), नियंत्रण सिद्धांत आणि संगणकीय प्रतिरूपण या तीन विषयांवर भर द्यावा, आणि प्रकल्प शक्यतो प्रयोगशाळेतलाच निवडावा. शॅक-हार्टमन संवेदकाचे (बारीक भिंगांच्या जाळीने तरंगाग्राची विकृती मोजणाऱ्या उपकरणाचे) मोजमाप स्वतः घेऊन त्यातून तरंगाग्र पुन्हा उभे करता आले, तर पीएच.डी.च्या मुलाखतीत त्याबद्दल आत्मविश्वासाने बोलता येईल.