इंग्लंडच्या फुटबॉलमधल्या प्रीमियर लीगने कोरोनात सीझन जुलैपर्यंत लांबवला. मग लीगला मनात येईल तसा सीझन बदलता येतो का?

वेळापत्रक बदलता येतं. पण खेळाडूचा करार क्लबशी असतो आणि त्यावरची तारीख लीगला खोडता येत नाही. करार तपासणं हेच माझं रोजचं काम असल्यामुळे मला त्या वर्षी गुणतक्त्यापेक्षा या तारखांचंच जास्त कुतूहल होतं.

लीग 13 मार्च 2020 ला थांबली आणि 17 जूनला परत सुरू झाली. इंग्लंडमध्ये खेळाडूंचे करार सहसा 30 जूनला संपतात, कारण एरवी मे महिन्यातच सगळं आटोपलेलं असतं. त्या वर्षी शेवटचे सामने 26 जुलैला होते. करार सीझन संपेपर्यंत वाढवावेत, असं फिफाने एप्रिलमध्ये सुचवलं. सुचवलं, बरं का! करार चालतो त्या-त्या देशाच्या कायद्याने, आणि मुदत वाढवायची तर दोघांच्याही सह्या लागतात.

बोर्नमथच्या रायन फ्रेझरने सही केली नाही. आदल्या सीझनमध्ये 14 असिस्ट, म्हणजे गोल करून देणारे पास, दिलेला हा विंगर, आणि क्लब खालच्या डिव्हिजनमध्ये जायच्या बेतात. 30 जून उलटला, गडी मोकळा. शेवटच्या दिवशी बोर्नमथने एव्हर्टनला त्यांच्याच मैदानावर 3-1 हरवलं, तरी 34 गुणांवर अडकून ते खाली गेले. ॲस्टन व्हिला 35 गुणांवर वाचली. चाहते फ्रेझरवर भडकले, पण मला त्याचंच पटतं. त्या चार आठवड्यांत गुडघा गेला असता, तर नव्या क्लबने त्याला दारात तरी उभं केलं असतं का? सप्टेंबरमध्ये तो न्यूकॅसलला गेला.

प्रसारणाच्या करारात भांडण एका शब्दावरून झालं. पीपीलाइव्ह या चिनी कंपनीने लीगचे सुमारे 21 कोटी डॉलर थकवले. स्टेडियम रिकामी, सामन्यांच्या वेळा बदललेल्या, म्हणजे स्पर्धेचा 'फॉरमॅट'च बदलला, असं तिचं म्हणणं. फॉरमॅट मुळापासून बदलला तर रक्कम कमी करण्याबद्दल बोलणी करायची, असं कलम करारात खरोखरच होतं. लंडनच्या हायकोर्टाने जानेवारी 2022 मध्ये पूर्ण खटला न चालवताच लीगच्या बाजूने निकाल दिला. संघ तेच, सामने तेवढेच, गुण मोजायची पद्धत तीच. मग फॉरमॅट कुठे बदलला?

आपल्याकडे याच्या उलट झालं. इंडियन सुपर लीग (आयएसएल) ही आपली फुटबॉल लीग तेव्हा चालवणारी कंपनी एफएसडीएल आणि भारताचा फुटबॉल महासंघ यांचा 2010 चा करार 8 डिसेंबर 2025 ला संपत होता, म्हणजे ऐन सीझनच्या मध्यात. पुढचं काहीच ठरलेलं नव्हतं, म्हणून जुलै 2025 मध्येच एफएसडीएलने क्लबांना कळवलं की सीझन तूर्त थांबवतोय. सप्टेंबरात सामने सुरू होतील म्हणून डोळे लावून बसलेले एफसी गोवा आणि मुंबई सिटीचे चाहते तसेच बसून राहिले.