अमेरिकेतल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या वेलनेस पॉलिसींवर प्रबंध: गुण कसे द्यायचे?

चाळीस स्कूल डिस्ट्रिक्टच्या (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांच्या) आहार-व्यायाम धोरणांची म्हणजे वेलनेस पॉलिसींची तुलना करायची आहे, पण गुणांकन कसं करायचं ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. स्वतःची मोजपट्टी बनवू नका. वेलसॅट 3.0 ही अशा धोरणांना गुण द्यायची मोजपट्टी तयार आहे. त्यात 67 बाबी आहेत. धोरणात उल्लेखच नसेल तर 0, मोघम असेल तर 1, ठाम आणि नेमका असेल तर 2. ‘वर्गात हालचालीला प्रोत्साहन द्यावे’ याला 1. ‘प्राथमिक वर्गांना आठवड्याला 150 मिनिटं शारीरिक शिक्षण दिलंच जाईल’ याला 2. किती टक्के बाबींना 1 किंवा 2 मिळाले ती व्याप्ती, आणि किती टक्क्यांना 2 मिळाले ती ताकद. दोन्ही आकडे वेगवेगळे मांडा. सरासरी काढलीत की सगळं बोलणारं पण काहीच बंधन न घालणारं धोरण त्यात लपून जातं.

खाण्याच्या बाबींवर सगळ्यात जास्त गल्लत होते. केंद्राचे ‘स्मार्ट स्नॅक्स’ नियम (एका स्नॅकला कमाल 200 कॅलरी वगैरे) शाळेच्या वेळेत विकल्या जाणाऱ्या पदार्थांना लागू आहेत. वाढदिवसाचा केक किंवा बक्षीस म्हणून दिलेली चॉकलेटं फुकट असतात. त्यांचे निकष डिस्ट्रिक्टने स्वतः ठरवायचे असतात. म्हणून ‘आम्ही स्मार्ट स्नॅक्स पाळतो’ या एका वाक्यावर केकच्या बाबीला गुण देऊ नका.

कागद गोळा करतानाही जपा. बोर्डाचं धोरण बऱ्याचदा दोन पानांचं असतं आणि खरा तपशील प्रशासकीय नियमावलीत, वेगळ्या क्रमांकाखाली असतो. एका डिस्ट्रिक्टची नियमावली धरली तर सगळ्यांची शोधा. शेवटच्या दुरुस्तीची तारीख वेगळ्या रकान्यात नोंदवा: ही धोरणं 2006-07 पासून सक्तीची असली तरी जाहिरातींवरचं बंधन आणि दर तीन वर्षांनी मूल्यमापन कसं करायचं याचे नियम 2016 मध्ये आले, त्यामुळे त्याआधीचा मसुदा तिथे मार खाणारच.

शिवाय अनेक डिस्ट्रिक्ट राज्याच्या स्कूल बोर्ड संघटनेचा नमुना जसाच्या तसा उचलतात. गुण देण्याआधी मजकूर एकमेकांशी ताडून पाहा. चाळीसपैकी पंचवीस एकाच साच्यातले निघाले, तर ती पंचवीस स्वतंत्र निरीक्षणं नाहीत आणि तुमचं रिग्रेशन (कोणत्या घटकाचा गुणांशी किती संबंध आहे याचं गणित) फसवं ठरेल.

गरिबीचं माप म्हणून मोफत जेवणाची टक्केवारी घेणार असाल तर थांबा. सीईपी या केंद्राच्या योजनेतल्या शाळांत गरीब-श्रीमंत न पाहता सगळ्याच मुलांना मोफत जेवण मिळतं, त्यामुळे त्या टक्केवारीवरून गरिबी कळत नाही. जनगणना विभागाचे डिस्ट्रिक्टनिहाय दारिद्र्याचे अंदाज वापरा.

आठ-दहा धोरणं दुसऱ्या व्यक्तीकडून, तुमचे गुण न दाखवता तपासून घ्या आणि ‘कापा’ (kappa, म्हणजे दोघांचे गुण किती जुळतात याचं माप) काढा. मतभेद झाले त्या बाबींचा नियम लिहून ठेवा आणि आधीची धोरणंही त्याच नियमाने पुन्हा तपासा. निष्कर्षात मात्र मुलांच्या वजनाबद्दल काही लिहू नका. तुम्ही फक्त कागद मोजलाय. शाळेत प्रत्यक्ष काय चालतं हे हवं असेल तर मुलाखती लागतील, आणि त्यासाठी आयआरबीकडे (माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडे) आत्ताच अर्ज करा.