हाउसिंग अथॉरिटीच्या नव्या कमिशनरला पत्र

अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईनं फोनवर सांगितलं आणि फार बरं वाटलं. टाउन कौन्सिलनं तुला हाउसिंग अथॉरिटीच्या, म्हणजे गावातली सरकारी घरं चालवणाऱ्या संस्थेच्या, बोर्डावर कमिशनर म्हणजे सदस्य म्हणून घेतलं. मुदत पाच वर्षांची, मानधन काही नाही, जबाबदारी मात्र भरपूर. न्यू जर्सीत आपली माणसं खूप आहेत. मंडळं, मराठी शाळा, गणपती सगळं जोरात चालतं. पण आपल्याच गावातल्या सरकारी घरांत कोण राहतं आणि तिथला कारभार कसा चालतो, याची चौकशी करणारे फार थोडे. तू ती वाट धरलीस याचा मला मनापासून अभिमान आहे. "काका, सुरुवात कुठून करू?" असं तू विचारलंस, आणि मीही अशा बोर्डावर होतो, म्हणून फोनवर उरकण्याऐवजी सविस्तर लिहितो.

आपल्या राज्यात बोर्डावर सात जण असतात. पाच कौन्सिल नेमते, एक मेयर आणि एक राज्य सरकार. या सातांनी मिळून डायरेक्टर नेमायचा, बजेट मंजूर करायचं, धोरणं ठरवायची, कंत्राटांवर ठराव करायचे. रोजचा कारभार डायरेक्टरचा. तिसऱ्या मजल्यावरचा नळ गळतोय तर प्लंबर कुणाला पाठवायचं, हे तू सांगायचं नाहीस. गळक्या नळांच्या तक्रारी सरासरी किती दिवस पडून राहतात, हे मात्र तूच विचारायचंस. नवे लोक इथेच गडबडतात. कुणी मेंटेनन्सच्या माणसाला परस्पर फोन लावून कामं सांगत सुटतं, तर कुणी समोर आलेल्या प्रत्येक ठरावाला हात वर करून घरी जातं. दुसऱ्या प्रकारची माणसं जास्त दिसतात आणि त्यांची किंमत रहिवाशांना मोजावी लागते.

फिलाडेल्फियाचं उदाहरण नीट समजून घे. तिथली अथॉरिटी देशातल्या मोठ्या अथॉरिटींपैकी एक. २०१० साली बाहेर आलं की तिथल्या कार्यकारी संचालकावरच्या लैंगिक छळाच्या तक्रारी पैसे देऊन गुपचूप मिटवल्या गेल्या होत्या. आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं, असं बोर्डानं सांगितलं. संचालकाला काढलं, पुढच्या वर्षी बोर्डानं राजीनामे दिले आणि 'हड'नं, म्हणजे केंद्राच्या गृहनिर्माण खात्यानं, अथॉरिटी स्वतःच्या ताब्यात घेतली. 'माहीत नव्हतं' हे उत्तर कमिशनरला शोभत नाही. वकिलाच्या बिलात, विम्याच्या दाव्यांत, तडजोडींच्या रकमांत काय चाललंय हे बोर्डानं दर तिमाहीला मागून घ्यायचं असतं. मागितल्याशिवाय ते कुणी आणून देत नाही.

तुला दर महिन्याला सभेआधी एक जाडजूड पॅकेट येईल. त्यात मागच्या सभेचं इतिवृत्त, बिलांची यादी, आर्थिक पत्रकं, रिकाम्या घरांचा आकडा, ठराव. तुझा हात हिशेबात पक्का आहे, तेव्हा ताळेबंद तू झटक्यात वाचशील. मला काळजी आहे ती त्या कागदात जे उतरतच नाही त्याची.

न्यू यॉर्क सिटीची हाउसिंग अथॉरिटी देशातली सगळ्यात मोठी. घरांत शिशाचा रंग आहे का याची तपासणी दरवर्षी व्हायला हवी होती. ती २०१२ पासून होत नव्हती, आणि वर 'हड'ला मात्र नियमांचं पालन होत असल्याचं लेखी कळवलं जात होतं. २०१८ साली केंद्रीय वकिलांनी जी फिर्याद दाखल केली तिच्यात आणखी एक गोष्ट होती. इमारतींचा निरीक्षक येणार म्हटलं की कर्मचाऱ्यांनी काय काय झाकायचं, याच्या सूचनाच लिहून ठेवल्या होत्या. भिंतीला भोक असेल तर प्लायवूड ठोकून रंग फासायचा. गळती दिसू नये म्हणून इमारतीचं पाणी तेवढ्यापुरतं बंद करायचं. निरीक्षक यायचा, गुण द्यायचा, जायचा. २०१९ मध्ये करार होऊन अथॉरिटीवर केंद्राचा देखरेखदार नेमला गेला.

आता विचार कर. निरीक्षक फसला, 'हड' फसलं. पण ज्या बाईच्या घरचं पाणी नेमकं त्या दिवशी बंद झालं, तिला का माहीत नसेल? प्लायवूडमागचं भोक तिच्याच न्हाणीघरात होतं. तिला विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून सांगतो, रहिवाशांना कारभारात घेणं हे देखरेखीचंच काम आहे. बोर्डाकडे डायरेक्टरच्या अहवालाशिवाय माहितीची दुसरी वाट हवी, आणि ती वाट फक्त रहिवाशांकडून येते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. ज्या बोर्डाला रहिवासी नुसते पब्लिक कॉमेंटच्या, म्हणजे सभेत लोकांना बोलायला मिळणाऱ्या, तीन मिनिटांत भेटतात, त्या बोर्डाला वाईट बातमी वर्तमानपत्रातून कळते.

हे नुसतं माझं मत म्हणून सोडून देऊ नकोस, कायदाच तसा आहे. १९९८ च्या कायद्यानं बहुतेक बोर्डांवर निदान एक तरी सदस्य असा असावा लागतो, जो स्वतः सरकारी घरात किंवा व्हाउचरवर, म्हणजे भाड्यासाठी सरकारी मदत घेऊन खाजगी घरात, राहतो. त्याला मतदानाचा पूर्ण हक्क आहे. तो भाडेकरू आहे म्हणून भाड्याच्या धोरणावर त्यानं बोलू नये, असं कुणी सुचवलं तर तिथल्या तिथे अडव. रहिवासी असण्याच्या कारणावरून त्याला निर्णयातून वगळता येत नाही, असं नियमांत स्पष्ट आहे. स्वतःच्या घराचाच खटला समोर असेल तर गोष्ट वेगळी. तो नियम तुलाही आहे, मलाही होता.

बोर्डावरचा हा रहिवासी सदस्य बहुतेक वेळा एकटा पडतो. शेजारी समजतात हा ऑफिसचा झाला, ऑफिस समजतं हा तक्रारी घेऊन आला. पहिल्या सभेलाच त्याच्या शेजारी जाऊन बस. सभेच्या आधी पॅकेट दोघं मिळून वाचा. मात्र एक जपायचं. कोरम होईल इतके कमिशनर बंद दाराआड किंवा ईमेलवर अथॉरिटीच्या कामाची चर्चा करू शकत नाहीत. आपल्या राज्याचा १९७५ चा खुल्या सभांचा कायदा यात कडक आहे. सातांत दोघांनी चहा घ्यायला हरकत नाही.

मग रहिवासी परिषद. प्रत्येक वसाहतीतल्या लोकांना आपली परिषद निवडता येते, निवडणूक निदान तीन वर्षांतून एकदा व्हायला हवी, आणि 'हड' वस्ती असलेल्या प्रत्येक घरामागे वर्षाला २५ डॉलर रहिवाशांच्या सहभागासाठी धरतं. त्यातले १५ परिषदेचे, १० अथॉरिटीनं याच कामासाठी वापरायचे. रक्कम लहान आहे. पण १२० घरांच्या वसाहतीत परिषदेचे १८०० डॉलर झाले, आणि तेवढ्यात प्रिंटर येतो, निवडणूक होते, दुभाषा येतो. पहिल्याच बजेटच्या वेळी विचार की हे पैसे गेल्या वर्षी कुठे गेले. परिषद नाही म्हणून पैसे पडून आहेत, असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न विचार. परिषद का नाही? शेवटची निवडणूक कधी झाली? मतपत्रिका कोणत्या भाषेत होती?

मी बोर्डावर असताना एका ज्येष्ठांच्या इमारतीत परिषदेच्या बैठकीला नेमानं जायचो. कम्युनिटी रूममध्ये घड्या घालायच्या खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचा मोठा थर्मास, भिंतीवर बिंगोचं वेळापत्रक. एकदा महिन्याच्या अहवालात आपत्कालीन तक्रारी चोवीस तासांत शंभर टक्के पूर्ण, असं छापलेलं होतं. तो कागद मी तिथे वाचून दाखवला. पुढच्या रांगेतल्या एक आजी उठल्या, पर्समधून वर्क ऑर्डरच्या पिवळ्या पावत्या काढल्या आणि टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या. एकाच रेडिएटरच्या चार पावत्या. प्रत्येक वेळी माणूस यायचा, व्हॉल्व्ह हलवायचा, 'पूर्ण' लिहून जायचा. दोन दिवसांनी घर पुन्हा गार. कागदावर चार यशस्वी दुरुस्त्या आणि बाईंचा हिवाळा स्वेटर घालून गेलेला. पुढच्या सभेत मी एवढंच मागितलं की अहवालात एक रकाना वाढवा: एकाच घरातली तीच तक्रार साठ दिवसांत पुन्हा आली का? त्या एका रकान्यानं बॉयलरच्या कंत्राटाची सगळी चर्चा बदलली. हा रकाना तूही माग.

रहिवाशांना काय कळतं, असं कुणी ना कुणी तुला ऐकवेल. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत मी वाढलो. ती सरकारी घरंच होती. सामाईक नळ, सामाईक संडास, कोणाची पाळी कधी, पाणी किती वेळ, हे सगळं मजल्यावरची माणसं ठरवायची आणि पाळायची. आणि इथला इतिहासही तेच सांगतो. बॉस्टनच्या ब्रॉमली-हीथ वसाहतीत रहिवाशांनी १९७१ साली स्वतःची व्यवस्थापन संस्था काढली, देशातल्या पहिल्यांपैकी. तिथे अनेक वर्षं धुरा वाहिलेल्या मिल्ड्रेड हेली यांचं नाव आज त्या वसाहतीला आहे. आपल्या नेवार्कमध्ये स्टेला राइट होम्सच्या लोकांनी १९७० साली भाडं बंद केलं. लिफ्ट बंद, उष्णता नाही, सुरक्षा नाही, आणि ऐकणारं कुणी नाही. तो लढा चार वर्षं चालला आणि मिटला तेव्हा व्यवस्थापनात रहिवाशांचा वाटा मान्य करावा लागला. तू ज्या राज्यात कमिशनर झालीस तिथेच हे घडलंय, हे तुझ्या सहकाऱ्यांना सांग. बहुतेकांना ठाऊक नसतं.

याची दुसरी बाजूही तुला दिसली पाहिजे. सेंट लुईसला १९६९ साली असाच भाडेबंद झाला आणि त्याच वर्षी सेनेटर एडवर्ड ब्रूक यांच्या दुरुस्तीनं भाडं उत्पन्नाच्या २५ टक्क्यांवर अडवलं गेलं. १९८१ साली ते ३० टक्के झालं. गरीब माणसाला मोठा आधार मिळाला. पण भाड्यातून खर्च भागेना आणि केंद्राचं अनुदान कधीच पुरेसं आलं नाही, त्यामुळे छपरं, पाइप, लिफ्ट यांची मोठी कामं वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली. डायरेक्टर दर वेळी पैसे नाहीत म्हणेल तेव्हा ते बरंचसं खरंच असेल. त्याला वैरी समजू नकोस. पैसे कमी आहेत म्हणूनच आधी छप्पर की आधी लिफ्ट हे ठरवताना राहणाऱ्यांना विचारावं लागतं. दरवर्षीच्या आराखड्यासाठी रहिवासी सल्लागार मंडळ आणि जाहीर सुनावणी असते, सुनावणीआधी ४५ दिवसांची नोटीस असते. तुमची अथॉरिटी लहान आहे. घरं आणि व्हाउचर मिळून ५५० पर्यंत असतील तर साधारणपणे वार्षिक आराखडा 'हड'ला पाठवावा लागत नाही, पण सुनावणी आणि सल्लागार मंडळ चुकत नाही. लहान गावांत हे सर्रास विसरलं जातं.

तुमच्याकडे 'रॅड'ची चर्चा चालू आहे असं ऐकलं. म्हणजे वसाहत जुन्या सरकारी पद्धतीतून काढून दीर्घ मुदतीच्या सेक्शन ८ करारावर, म्हणजे केंद्राच्या भाडे-अनुदानाच्या करारावर न्यायची, की दुरुस्तीसाठी कर्ज उभारता येतं. वाईट नाही, पण घाईत करण्याजोगंही नाही. अर्जाआधी रहिवाशांच्या निदान दोन बैठका घ्याव्याच लागतात. त्यांना परत आपल्या वसाहतीत येण्याचा हक्क असतो, पुन्हा पात्रता तपासून कुणाला गाळता येत नाही. त्या बैठकांना तू स्वतः जा आणि मागच्या रांगेत बस. सल्लागाराच्या स्लाइड्स संपल्यावर दारापाशी उभं राहून लोक एकमेकांत काय बोलतात ते ऐक.

लहान कंत्राटांकडेही लक्ष असू दे. २०२४ च्या फेब्रुवारीत न्यू यॉर्कच्या त्याच अथॉरिटीच्या ७० आजी-माजी कर्मचाऱ्यांवर लाचखोरीचे आरोप ठेवले गेले. सगळा व्यवहार बोलीच्या मर्यादेखालच्या, म्हणजे स्पर्धात्मक बोली न मागवता देता येणाऱ्या, लहान कामांचा होता. अशी कामं बोर्डापुढे ठराव म्हणून येतच नाहीत. दर तिमाहीला कंत्राटदारांच्या नावांनुसार एकत्र यादी माग, आणि ती रहिवासी सदस्याला दाखव. कोणत्या कंत्राटदाराची गाडी आवारात उभी असते आणि कोणाची फक्त बिलं येतात, हे त्याला माहीत असतं.

ट्रेनिंगचे कोर्स लवकर उरकून घे, त्याला मुदत आहे. त्याआधी भाडेकराराचा नमुना आणि तक्रार निवारणाची पद्धत मुळापासून वाच, दोन्ही बोर्डाच्या नावानं चालतात. गेल्या तीन वर्षांचे ऑडिट अहवाल आणि 'हड'चे गुण मागवून घे. शंभरातले चाळीस इमारतींच्या स्थितीचे असतात, साठच्या खाली एकूण आले तर अथॉरिटी अडचणीत. आकडे घेऊन आवारात फिर, शक्यतो पावसानंतर, तळघरासकट.

पहिलं पॅकेट आलं की तुझे प्रश्न लिहून काढ आणि सभेच्या तीन-चार दिवस आधी डायरेक्टरला पाठव. सभेत अचानक विचारलं की माणूस बचावाला उतरतो. आधी विचारलं की आकडे घेऊन येतो. तुमच्या वसाहतीच्या परिषदेची बैठक कुठल्या वारी असते ते ऑफिसातून कळेल. पहिल्या बोर्ड सभेच्या आधी तिथे एकदा जाऊन ये आणि मग मला फोन कर.

तुझा,
काका